फॉल, अस्तर आणि माया : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-७०२ : काकू, ताई, जरा मदत हवी. आठवड्यातून दोनदा ऑफिसला साडी नेसायचं ठरवलंय. ठाण्याहून सीएसएमटी, म्हणजे लोकल आलीच. एक सुती इरकल घेतली, आणि ब्लाउजला खण, १ मीटर. बाही कोपरापर्यंत हवी. आज संध्याकाळी दोन्ही टेलरकडे टाकू ना?

ए-३०२ : आज नको गं. आधी फॉल (साडीच्या काठाला आतून लावायची पट्टी) आणि अस्तर भिजव. दोन्ही साध्या पाण्यात रात्रभर, सकाळी न पिळता सावलीत वाळत घाल, किंचित ओलसर असतानाच इस्त्री कर. मग टेलर.

बी-७०२ : टेलर म्हणाला, तो भिजवून घेतो.

ए-३०२ : घेत असेल, पण गर्दीच्या दिवसांत नुसती वाफेची इस्त्री फिरते. फॉल सुती असतो, धुतल्यावर आटतो. साडी तेवढी आटत नाही. मग पहिल्या धुण्यानंतर काठ गोळा होतो आणि निऱ्या खाली मुडपतात. तसं झालंच तर साडीला इस्त्री करून काही उपयोग नाही, फॉल उसवून पुन्हाच लावावा लागतो.

ए-३०२ : अस्तराचं त्याहून वाईट. आतलं अस्तर आटतं, बाहेरचा खण आटत नाही, आणि पाठीवर फुगे दिसतात. लोक म्हणतात शिलाई बिघडली. शिलाई बरोबर असते, अस्तर कोरं असतं. अस्तराला टू बाय टू रुबिया हे सुती कापड माग. क्रेपचं अस्तर हाताला मऊ लागतं, पण लोकलमध्ये घाम टिपत नाही, अंगाला चिकटतं.

सी-१०४ : आणि त्याआधी खण खरोखर कसला आहे ते बघा. कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरून वाटीवर जाळा. कागद जळल्यासारखा वास आला आणि राख बोटावर चुरगळली तर सूत. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम. धागा वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिस्टर. उभा आणि आडवा, दोन्ही धागे जाळा. खणात बऱ्याचदा दोन वेगळे असतात.

ए-६०५ : काका, आठव्या मजल्यावर पुन्हा फायर अलार्म वाजला तर कुणाला विचारायचं ते कळलं 😄

सी-१०४ : एक धागा म्हटलंय, साडी नाही. आणि एक लक्षात ठेवा, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासूनचा धागा) हेही सुतासारखंच जळतं. म्हणजे या परीक्षेत पॉलिस्टर पकडला जातो, शुद्ध सूत सिद्ध होत नाही. पॉलिस्टर खण वाईट असं नाही. रंग जात नाही, पटकन वाळतो. फक्त मे महिन्यात गरम होतो, आणि किंमत हातमागाची देऊ नये.

ए-३०२ : आता बाहीचं. मूळचा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण अरुंद असतो, साधारण ३०-३१ इंच पन्हा (रुंदी). बाकीची ब्लाउजपीस ४४ इंची असतात, त्यामुळे टेलर सवयीने "१ मीटर पुरतो" म्हणतात. या पन्ह्यात १ मीटरमध्ये आखूड बाही निघते. कोपरापर्यंतची हवी तर सव्वा मीटर. शिवाय खणाचे काठ उभ्या कडेला असतात. ते बाहीच्या टोकाला यायला हवे असतील तर बाही आडवी कापावी लागते. मग बाहीवरची बुट्टी आडवी आणि पाठीवरची उभी. काहींना चालतं, काहींना डोळ्याला खटकतं. कापण्याआधी टेलरला कापड टेबलावर मांडून दाखवायला सांग.

बी-७०२ : आता १ मीटर आहे तर?

ए-३०२ : बगलेत कळी लाव. खणाचाच उरलेला तुकडा, साधारण ३ इंच चौकोनी, टोकावर उभा धरून लावला की हात वर करताना ब्लाउज उचललं जात नाही. लोकलच्या कड्यांना लटकायचंय ना, कळी हवीच. नाहीतर बाही अर्धी ठेव आणि खालच्या पट्टीला इरकलच्या काठाशी जुळणारं साधं कापड घे.

ए-३०२ : आणि माया, म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जादा कापड. खणाचे धागे कापल्याबरोबर सुटू लागतात, म्हणून दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवायला सांग, कडांना ओव्हरलॉक. आतल्या मायेत तीन टिपा मारायच्या, पाव-पाव इंचावर. अंग भरलं तर एक टीप उसवायची. मुंढ्याच्या (बाही जोडतात तिथल्या) गोलाईत मात्र जास्त माया ठेवू नये, तिथे ती गोळा होऊन काखेत टोचते. आणि अस्तर व खण एकाच दिशेने कापायचे. अस्तर उरेब, म्हणजे तिरकं, कापलं की ते ताणतं, खण ताणत नाही, आणि ब्लाउज एका बाजूला फिरतं.

बी-३०४ : माझा गळा नेहमी खांद्यावरून उतरतो. टेलर म्हणतो नाडी लावा.

ए-३०२ : नाडी हा उपाय शेवटचा. पुढचा आणि मागचा दोन्ही गळे रुंद ठेवले की ब्लाउजला धरायला जागाच उरत नाही. पाठीला खोल गळा हवा तर रुंदी कमी कर, समोरचाही अरुंद. शिवून झालं असेल तर खांद्याची शिवण उसवून गळ्याकडच्या बाजूला अर्धा इंच आत घे, बाहीकडे शून्यावर आण. तिरकी टीप. बहुतेक वेळा एवढ्याने बसतं. मग बाहीकडे तपास, मुंढा वर ओढत असेल तर तो पाव इंच उतरव.

बी-३०४ : आणि मापाला जुनं ब्लाउज दिलं तर?

ए-३०२ : दे, पण जे आज नीट बसतंय तेच. सैल झालेलं ब्लाउज देऊन "यापेक्षा थोडं घट्ट" असं सांगितलं की प्रत्येक टेलरचं "थोडं" वेगळं. अंगावर माप घेताना छातीवर टेपखाली एक बोट सरकलं पाहिजे, श्वास आत ओढायचा नाही. हातसुद्धा खालीच. माप देताना हात वर धरले की मुंढा लहान निघतो.

सचिव : कृपया नोंद घ्यावी. उद्या सकाळी १० ते १ बी विंगची टाकी धुतली जाईल. पाणी भरून ठेवावे.

ए-६०५ : म्हणजे बी-७०२चा फॉल आज रात्रीच भिजला पाहिजे.

बी-७०२ : इरकल धुताना पाण्यात मीठ टाकायचं ना, रंग बसायला? आई नेहमी टाकते.

सी-१०४ : आईंचा मान राखून, नाही. रंगवताना हौदात मीठ टाकतात ते पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलायला. घरच्या बादलीत ते काम होत नाही, जो रंग धाग्याला पक्का चिकटलेलाच नाही तो सुटणारच. व्हिनेगरने सुती रंगावर काही फरक पडत नाही. पहिल्या तीन-चार धुण्यांत पाणी रंगलं आणि मग थांबलं तर समजा, रंगवणाऱ्याने शेवटचं गरम साबणाचं धुणं घाईत उरकलं. सहाव्या धुण्यालाही पाणी तेवढंच लाल असेल तर रंगच कच्चा आहे, ती साडी कायम वेगळीच धुवायची.

सी-१०४ : तपासायला पांढरा रुमाल ओला करून पदराच्या आतल्या बाजूवर ठेवा, वरून गरम इस्त्री १०-१५ सेकंद. रुमालावर डाग आला तर सावध. इरकलमध्ये रंग जाण्याचा धोका साडीच्या अंगाचा (मधल्या भागाचा) नसतो, लाल पदराचा असतो. अंग वेगळ्या ताण्याचं (उभ्या धाग्यांचं), पदर वेगळ्या ताण्याचा, आणि दोन्ही ताणे फासे घालून जोडलेले. त्यालाच टोप तेनी म्हणतात. म्हणून लाल रंग ओल्या अवस्थेत शेजारच्या अंगात उतरतो. गार पाणी, थोडा सौम्य द्रव साबण, दोन-तीन मिनिटं, लगेच बाहेर. ओली साडी घडी करून बादलीत ठेवू नका. वाळत घालताना पदर अंगावर येणार नाही अशी उलगडून घाला, सावलीत. पिळायची तर नाहीच, जोडावर ताण येतो.

ए-३०२ : त्या जोडावर पिनही नको. आणि पिनेचं सांगायचं तर सेफ्टी पिनेच्या गोल वेटोळ्यात धागा अडकतो, तिथून भोक पडतं. पिनेत आधी एक छोटा मणी ओवायचा, तो वेटोळ्यापर्यंत सरकवायचा, मग पिन लावायची. कापड तिथे पोहोचतच नाही. मणी भुलेश्वरला, तुळशीबागेत, कुठेही मिळतात.

ए-४०१ : परकर कोणता? सॅटिनचा घेतला तर साडी घसरते असं वाटतं.

ए-३०२ : सुती साडीवर सुतीच. कापड कापडाला धरतं. सॅटिनवर सुती साडी दुपारपर्यंत दोन बोटं खाली. फार चालणं-चढणं असेल तर परकराला एका बाजूला गुडघ्यापर्यंत चीर ठेव. परकराची लांबी चप्पल घालूनच माप, जमिनीपासून एक-दीड इंच वर. साडी तेवढीच खाली आली की काठ जिना झाडत नाही.

बी-२०१ (डॉक्टर) : परकराच्या नाडीबद्दल एक वाक्य माझंही. घट्ट बारीक नाडी रोज त्याच रेषेवर बांधली की कातडी काळी, जाड होते, मग खाज, मग जखम. ती जखम बरी होत नसेल तर दुर्लक्ष करू नका. वर्षानुवर्षं न भरणाऱ्या अशा जखमेत क्वचित कर्करोग होऊ शकतो, आणि वर्ध्याच्या डॉक्टरांचा सहभाग असलेला असा अहवाल २०२४मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलाही आहे. घाबरायचं कारण नाही. दीड-दोन इंच रुंद पट्टा किंवा इलास्टिक लावलेला परकर घ्या, गाठीची जागा बदलत राहा, आणि घरी आल्यावर सैल करा.

बी-७०२ : बाप रे. बाकी टिकली लावू ना?

बी-२०१ (डॉक्टर) : लावा, पण गोंदाकडे लक्ष ठेवा. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असतं. काहींच्या कपाळावर त्याने आधी खाज येते, मग टिकलीच्या मापाचा पांढरा डाग पडतो. खाज आली की त्याच दिवशी टिकली बंद. फक्त कंपनी बदलणं पुरत नाही, गोंद तसाच असू शकतो. साधं कुंकू किंवा द्रव टिकली वापरा, पण आधी कानामागे दोन दिवस लावून बघा. डाग पडलाच तर लवकर दाखवा, जुना झाल्यावर रंग परत यायला वेळ लागतो. रोज रात्री टिकली काढून ठेवा, आणि एकच टिकली चार दिवस आरशाला लावून पुन्हा वापरू नका.

ए-४०१ : ऑक्सिडाइज्ड झुमके मात्र चालतील?

बी-२०१ (डॉक्टर) : कान चुरचुरले नाहीत तर चालतील. बहुतेकदा त्रास निकेलचा असतो. झुमका तोच ठेवून फक्त हूक चांदीचा किंवा टायटॅनियमचा बदलून घ्या. पारदर्शक नेलपेंट लावायची युक्ती घामात दोन दिवस टिकते, मग पुन्हा तेच.

ए-६०५ : पावसाळ्यात हे सगळं कसं जमणार? स्टेशनबाहेरचा चिखल बघितलाय का?

ए-३०२ : जून ते सप्टेंबर इरकल कपाटात. गुडघ्याखाली गडद रंग असलेली मलमल किंवा जॉर्जेट. चिखल उडाला तर तिथल्या तिथे ओल्या रुमालाने घासू नका, आत मुरतो. वाळू द्यायचा, नखाने झाडायचा, मग धुवायचा. आणि पावसाळ्यात खळ घालू नका.

बी-७०२ : खळ म्हणजे स्टार्चच ना?

ए-३०२ : हो. इरकलला नको, तिचं स्वतःचं अंग चांगलं पडतं. साध्या मऊ सुती साडीला घाल. दोन मोठे चमचे साबुदाणा अर्धा लिटर पाण्यात भिजवून शिजव, पारदर्शक झाला की बारीक कापडातून गाळ. गाठ राहिली तर साडीवर चकचकीत ठिपका पडतो, निळ्या-काळ्या रंगावर तर लगेच दिसतो. गाळलेली खळ तीन-चार लिटर पाण्यात मिसळ, साडी उलटी करून पाच मिनिटं बुडव, जास्तीचं पाणी निथळू दे. गोळा करून वाळत घालू नकोस, ताणून घाल, नाहीतर सुरकुती तशीच कडक होते. पाणी शिंपडून गुंडाळ, अर्ध्या तासाने इस्त्री.

सी-१०४ : आणि खळ घातलेली साडी महिनोन्‌महिने घडीत ठेवू नका. घडीवर धागा तुटतो आणि कसर लागते. ठेवायची असेल तर खळ धुऊन काढून ठेवा, घड्या बदला.

बी-३०४ : घामाचे डाग राहिले काखेत?

सी-१०४ : त्यावर इस्त्री मारलीत की कायमचे झाले. ब्लाउज एकदा घातलं की साध्या पाण्यातून काढा, मळलं नसलं तरी. डिओडरंट वाळल्यावरच ब्लाउज चढवा. पिवळेपणात घामाइतकाच त्याचाही हात असतो.

बी-७०२ : ऐका, आता फॉल बादलीत टाकला. १० मिनिटांत पाणी गुलाबी झालं 😟

सी-१०४ : फॉलचं? तो मरून असेल तर शक्य आहे. बाहेर काढा.

ए-३०२ : तो फॉल इरकलला लावूच नकोस. काठाच्या आतल्या बाजूला लावला की प्रत्येक धुण्यात साडीच्या अंगावर लाल रेघ. दुकानात परत दे आणि काठाशी जुळणारा दुसरा घे. नसेल तर फिकट घे, बाहेरून दिसत नाही. आणि घरी आल्यावर रुमालाची परीक्षा आधी फॉलची, मग साडीची.

ए-६०५ : टाकी धुवायच्या आधी 🙏