मदत हवी आहे: मेंदोसा (अर्जेंटिना) ते सांतियागो (चिली) बस, त्याच दिवशी विमान गाठता येईल का?

रानवाट
सांतियागोहून आमचं परतीचं विमान रात्री साडेदहाला आहे. त्याच दिवशी सकाळी मेंदोसाहून बस पकडली तर पोचू ना? बसवाले सात तास म्हणतात. सोबत आईबाबा आहेत. लवकर सांगा प्लीज, तिकिटं संपत चाललीत.

चिंचगूळ
महिना कुठला?

रानवाट
जुलै. त्याने काय फरक पडतो?

चिंचगूळ
अहो, जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा! रस्ता अँडीज ओलांडून जातो, वरचा बोगदाच ३२०० मीटरच्या आसपास आहे. बर्फ पडला की घाट बंद. कधी काही तास, कधी सलग काही दिवस. आदल्या दिवशीच पोचा, जमलं तर दोन दिवस आधी.

मुक्काम_पोस्ट
+१. बर्फ नसला तरी खरी मेख सीमेवर आहे. अंतर जेमतेम ३६० किमी. पण चिलीत शिरताना दोन्ही देशांचे सोपस्कार लोस लिबर्तादोरेसच्या चौकीवर होतात. सगळी बस खाली उतरते, पासपोर्टची रांग लागते, मग सामान स्कॅनरमधून जातं. एकाची बॅग अडकली की अख्खी बस खोळंबते. आमच्या बसमधल्या एका आजींच्या पर्समध्ये सफरचंद निघालं, आणि बाकीचे सगळे थंडीत हात चोळत उभे.

अण्णा_ठाणेकर
विमानाने जा की. तासाभराचं काम.

चिंचगूळ
अण्णा, त्यांनी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय! जाताना उजव्या हाताला अकोंकाग्वा शिखर दिसतं, ६९६१ मीटर. बोगद्यानंतर काराकोलेस घाटाची वळणं. हे सोडून विमान?

अण्णा_ठाणेकर
त्याच वळणांवर म्हाताऱ्या माणसांना उलट्या झाल्या की कळेल.

दर्याकाठ
पासपोर्ट कुठला ते कुणीच विचारलं नाही?

रानवाट
भारतीयच, दुसरा कुठला असणार! तिघांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे.

दर्याकाठ
हे आधी सांगायचं ना. तो अजून किमान सहा महिने वैध असेल तर चिलीचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. पण बसच्या तिकीट खिडकीवरच्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही. चिलीच्या वकिलातीच्या वेबसाइटवरच्या पानाची छापील प्रत जवळ ठेवा.

जुना_प्रवासी
पुनोहून कोपाकाबानामार्गे ला पासला गेलात तर मजा बघाल. तिकिनाला बस तराफ्यावर चढवतात आणि प्रवासी वेगळ्या होडीतून पलीकडे. टिटिकाका सरोवराचं पाणी काय निळं!

चिंचगूळ
काका, ते पेरू-बोलिव्हिया. इथे अर्जेंटिना-चिली चाललंय.

रानवाट
खाण्याचं सांगा कुणीतरी. आईने बेसनाचे लाडू, मेथीदाणे आणि उसळीसाठी मूग घेतलेत. चालतील ना?

दर्याकाठ
मूग आणि मेथीदाणे अजिबात नकोत. बिया, फळं, भाज्या, मध, मांस, दुधाचे पदार्थ, यांवर चिलीचं कृषी खातं भयंकर कडक आहे. चिलीत शिरताना भरायच्या फॉर्मवर खाद्यपदार्थांपुढे 'होय' लिहा. सांगितलंत तर फार तर काढून घेतील, लपवलंत तर दंड. लाडवात तूप आहे, तेही लिहा.

मुक्काम_पोस्ट
इतकं घाबरवू नका हो. आम्ही लाडू नेले, काही झालं नाही.

दर्याकाठ
फॉर्मवर लिहिले होते का?

मुक्काम_पोस्ट
हो, लिहिले होते. डबा उघडून बघितला, वास घेतला, परत दिला.

दर्याकाठ
मग मी दुसरं काय सांगतोय?

अण्णा_ठाणेकर
अवांतर: मेंदोसात शाकाहारी लोक काय खातात? तिकडे सगळं मांसच भाजतात म्हणे.

रानवाट
आदल्या दिवशीची तिकिटं काढली. वरच्या मजल्यावरच्या पुढच्या सीट गेल्या होत्या. मुगाचं आईला कोण सांगणार?

चिंचगूळ
मेंदोसातच उसळ करून संपवा, अण्णांच्या प्रश्नाचंही उत्तर मिळेल. निघायच्या आदल्या संध्याकाळी घाट उघडा आहे का ते बघा. आणि जुलैत चिलीचं घड्याळ अर्जेंटिनाच्या एक तास मागे असतं, विमानाची वेळ चिलीची धरा.