ओएफईटी: चॅनल जितका आखूड, तितकी मोबिलिटी कमी का येते?

पातळ_थर
पी३एचटी या अर्धवाहक पॉलिमरचे ओएफईटी, म्हणजे सेंद्रिय ट्रान्झिस्टर, मोजतोय. चिप तयार मिळणारी आहे: खाली सिलिकॉनचं गेट (प्रवाहावर ताबा ठेवणारा इलेक्ट्रोड), २३० नॅनोमीटर ऑक्साइड, त्यावर सोन्याचे सोर्स-ड्रेन (प्रवाह आत-बाहेर नेणारे इलेक्ट्रोड; त्यांच्यामधली फट म्हणजे चॅनल). रुंदी १० मिलिमीटर. ऑक्साइडवर एचएमडीएस (पृष्ठभाग जलरोधी करणारा थर), क्लोरोफॉर्ममधलं ५ मिलिग्रॅम/मिलिलिटर द्रावण, १५०० आरपीएम, मग नायट्रोजनमध्ये १२० अंशांवर १५ मिनिटं.

ड्रेनला −५ व्होल्ट आणि गेट थ्रेशोल्डच्या (ज्या गेट व्होल्टेजला प्रवाह सुरू होतो त्याच्या) ५० व्होल्ट पलीकडे ठेवलं, तर २०, १०, ५ आणि २.५ मायक्रोमीटरच्या चॅनलला अनुक्रमे ५.४, ७.५, ९.४ आणि १०.७ मायक्रोॲम्पिअर मिळतात. लांबी निम्मी झाली की प्रवाह दुप्पट व्हायला हवा ना? सूत्रात घातलं तर मोबिलिटी (वाहक किती सहज सरकतात त्याचं माप) ०.००२९ वरून ०.०००७ चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंदवर येते. थर तर एकच आहे. जास्त वेळ तापवून बघू का?

होल_वाहक
तापवून काही होणार नाही. दोष थरात नाही, सोनं आणि पॉलिमर जिथे भेटतात तिथे आहे.

तुमचेच आकडे घ्या. ५ व्होल्टला प्रवाहाने भागलं की एकूण रोध मिळतो: साधारण ९३०, ६७०, ५३० आणि ४७० किलोओहम. लांबी आडव्या अक्षावर, रोध उभ्यावर. बिंदू जवळपास सरळ रेषेत बसतात, पण रेषा शून्यातून जात नाही. उभ्या अक्षाला ४०० किलोओहमवर छेदते. हा दोन्ही संपर्कांचा मिळून रोध. म्हणजे २.५ मायक्रोमीटरच्या ट्रान्झिस्टरमध्ये ५ पैकी सुमारे ४.३ व्होल्ट संपर्कांवरच खर्च होतात आणि चॅनलच्या वाट्याला ०.७ उरतात. सूत्र मात्र पूर्ण ५ व्होल्ट चॅनलवर आहेत असं धरून चालतं.

खरी मोबिलिटी रेषेच्या उतारात आहे: दर मायक्रोमीटरला सुमारे २६.७ किलोओहम. ऑक्साइडची धारिता १५ नॅनोफॅरड प्रति चौरस सेंटिमीटर धरली, तर ०.००५ येते. हेच गणित गेटच्या चार-पाच व्होल्टेजना करा, कारण संपर्करोधही गेटबरोबर बदलतो. थ्रेशोल्ड प्रत्येक लांबीचा वेगळा काढायचा, एकच सगळ्यांना लावायचा नाही.

आउटपुट वक्र (ड्रेनचं व्होल्टेज वाढवत मोजलेला प्रवाह) शून्याजवळ कसा दिसतो?

पातळ_थर
पहिल्या ३-४ व्होल्टपर्यंत दबलेला, मग वर चढतो. सॅच्युरेशनमधून (ड्रेन व्होल्टेज वाढवूनही प्रवाह वाढत नाही त्या भागातून) काढली तर मोबिलिटी ०.००९ येते. ती खरी मानू?

सोनेरी_इलेक्ट्रोड
नका मानू. प्रवाहाच्या वर्गमुळाचा गेटशी आलेख काढा. आधी तीव्र चढ आणि पुढे मंद असे दोन उतार दिसतील. तीव्र भागात गेट वाढवलं की संपर्करोध वेगाने पडतो, त्याचं श्रेय सूत्र मोबिलिटीला देतं. नुसता तो उतार घेऊन आकडा छापणं चूकच.

दबलेला वक्र म्हणजे होल (धन प्रभाराचे वाहक) आत शिरताना अडथळा आहे. पी३एचटीची होमो पातळी (होल ज्या ऊर्जापातळीतून वाहतात ती) ५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. हवेत राहिलेल्या सोन्याचं कार्यफल (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ४.७ पर्यंत उतरतं. एवढा फरक खोलीच्या तापमानाला भरपूर झाला.

आधी सफाई बघा. या चिपांवर संरक्षक रेझिस्ट (पॉलिमरचा लेप) असतो आणि एका बुचकळीत तो पूर्ण जात नाही. ॲसिटोन, पुन्हा ताजं ॲसिटोन, आयसोप्रोपेनॉल, नायट्रोजनने वाळवणं, मग यूव्ही-ओझोन १० मिनिटं. त्यानंतर एचएमडीएस. शेवटी पेंटाफ्लुओरोबेन्झीनथायॉलच्या १० मिलिमोलर इथेनॉल द्रावणात चिप बुडवा आणि स्वच्छ इथेनॉलने भरपूर धुवा. थायॉल सोन्याला चिकटतं, ऑक्साइडला नाही, आणि सोन्याचं कार्यफल ५ च्या वर नेतं. एचएमडीएसनंतर ओझोन अजिबात नको, पृष्ठभागावरचे मिथाइल गट जळून जातात. थायॉलचं काम फ्यूमहूडमध्येच.

होल_वाहक
संपर्क सुधारले की मग थराकडे वळा, कारण पी३एचटीला ०.००५ ही कमीच आहे. साखळ्या काठावर उभ्या राहिल्या तर एकावर एक रचलेली वलयं, म्हणजे ३.८ अँगस्ट्रॉमची रचना, सोर्सकडून ड्रेनकडे पसरते आणि होल उड्या मारत त्या दिशेने जातात. साखळ्या आडव्या पडल्या की प्रवाहाच्या वाटेत अल्किल शाखांचा १६ अँगस्ट्रॉमचा निरोधक पट्टा येतो. क्लोरोफॉर्म फार झटकन उडतो, साखळ्यांना रचायला वेळच मिळत नाही. ट्रायक्लोरोबेन्झीनचं गरम द्रावण वापरून बघा. ओटीएसवर (दुसरा जलरोधी थर) मात्र ते थेंब होऊन सरकतं. एचएमडीएसवर बसायची शक्यता जास्त.

ऑफ प्रवाह (ट्रान्झिस्टर बंद असतानाचा) जास्त असेल तर प्रत्येक ट्रान्झिस्टरभोवतीचा थर सुईने खरवडून वेगळा करा. गेट सगळ्यांना सामायिक आहे, आणि सलग थरातून होणारी गळती ड्रेनच्या प्रवाहात मिसळते. गेटचा प्रवाहही प्रत्येक मापनात सोबत नोंदवा. तापमानानुसार मोजणार असाल तर प्रत्येक तापमानाला चारही लांबी मोजून संपर्करोध आधी वजा करा, नाहीतर सक्रियन ऊर्जा (वाहकांना अडथळा ओलांडायला लागणारी) म्हणून जे मिळेल ते चॅनलपेक्षा सोन्याकाठच्या अडथळ्याचं जास्त असेल.