जुनी माउंटन बाइक रोज ऑफिसला न्यायची आहे. बजेट ५०००. काय बदलू, काय ठेवू?

धायरीकर
नमस्कार मंडळी. काकांची जुनी गियरची सायकल जिन्याखाली पडून आहे. लोखंडी फ्रेम, २६ इंची चाकं, पुढे शॉकअप, पुढे ३ आणि मागे ७ असे गियर. मागचा गियर पडत नाही, चेन गंजलीय, टायर तडकलेत, सीट वरखाली होत नाही. फ्रेम मात्र धडधाकट आहे, कुठे तडा नाही.
रोज धायरी फाटा ते शिवाजीनगर जायचंय, एका बाजूने साधारण ११ किमी. राजाराम पूल, डीपी रोड, म्हात्रे पूल आणि पुढे नदीपात्रातला रस्ता. पावसातही जाणार. लॅपटॉप पाठीवर नको, कॅरिअर हवं. बजेट ५०००, त्यावर रुपया नाही. पैसे आधी कशावर घालू?

वेगवान_वारजे
५००० मध्ये काही होत नाही. मी मागच्या वर्षी हायब्रिड घेतली ३२ हजारांची. डिस्क ब्रेक, ७०० ची चाकं, वाऱ्यासारखी पळते. वारज्याहून हिंजवडीला जातो, घाम येत नाही. जुनी भंगारात द्या आणि थोडे पैसे वाढवा.

मीनल_स
थोडे म्हणजे २७ हजार? त्यांनी बजेट लिहिलंय ना वर.

घाटवेडा
शॉकअप काढा सगळ्यात आधी. स्वस्तातल्या शॉकअपला स्प्रिंग असते, बाकी काही नाही. दोन-अडीच किलो वजन उगाच ओढायचं. साधा लोखंडी चिमटा (पुढचं चाक धरणारा भाग) टाका. फक्त शॉकअपच्या उंचीला चालणारा घ्या, नाहीतर सायकल पुढे झुकते आणि हँडल हलकं होतं. माझ्या सायकलवर हेच केलंय. खंबाटकीला दोनदा चढवलीय.

छर्रे_ग्रीस
धायरीकर, आधी एक लोहचुंबक घ्या आणि रिमला लावा. चिकटला तर रिम लोखंडी. लोखंडी रिमवर पाणी पडलं की ब्रेक रबर नुसतं घसरतं, सायकल थांबेपर्यंत पुढच्या रिक्षात. पावसात जाणार असाल तर पहिला खर्च ॲल्युमिनियमच्या रिमचा. गियर, चिमटा, सीट सगळं नंतर.
दुसरं, चेन मोजा. स्टीलची पट्टी घ्या, शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. नव्या चेनची पिन बरोबर १२ इंचावर येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ गेली असेल तर फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे) दातही खाल्लेले असणार, नवी चेन त्यावर उड्या मारेल.

वेगवान_वारजे
म्हणूनच म्हणतो, डिस्क ब्रेक. रिमचा प्रश्नच येत नाही.

छर्रे_ग्रीस
त्या फ्रेमला डिस्कचं माउंटिंग नाही. वेल्डिंग करून बसवून देणारे लोक आहेत, त्यांच्या नादी लागू नका. चिमट्याच्या एका पायावर सगळा जोर येतो, तो त्यासाठी बनलेला नसतो.

उत्रेख्तहून
इकडे नेदरलँड्समध्ये कुणी माउंटन बाइकवर ऑफिसला जात नाही. हब गियर (चाकाच्या मधल्या भागात, म्हणजे हबमध्ये बंद असलेले गियर), चेनवर पूर्ण झाकण, मडगार्ड आणि हबमधला डायनॅमो. पावसात वर्षभर चालवतो, चेनला हात लावावा लागत नाही. आमच्या स्टेशनच्या पार्किंगमध्ये १२,५०० सायकली मावतात. पुण्यालाही एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे, बघून वाईट वाटतं.

पेठेतला
वाईट आम्हालाही वाटतं. सायकल ट्रॅकवर पाणीपुरीच्या गाड्या आणि दुचाक्या उभ्या असतात. आणि नदीपात्रातला रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये विसरा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो. दुसरा रस्ता आत्ताच ठरवून ठेवा.

मीनल_स
हब गियरचं नुसतं चाकच त्यांच्या बजेटच्या वर जाईल हो.
टायरबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. गुट्ट्यांचे टायर काढा, गुळगुळीत १.५ घ्या. सगळ्यात जास्त फरक इथेच जाणवतो. आणि आकडा बघून घ्या. मला एका दुकानदाराने '२६ म्हणजे २६' म्हणत २६ x १ ३/८ दिला, तो साध्या लेडीज सायकलीचा निघाला. बसता बसेना, आणि परतही घेतला नाही. टायरच्या बाजूवर ४०-५५९ असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातलं ५५९ जुळलं पाहिजे, १ ३/८ वाल्यावर ५९० असतं. दशांशातला १.५ आणि अपूर्णांकातला १ १/२ हेसुद्धा वेगवेगळे आहेत.

घाटवेडा
टायरचं बरोबर आहे. पण शॉकअप काढाच.

बॅटरीवाला_७७
ई-किट बसवा. २५० वॉट आणि ताशी २५ किमीच्या आत असेल तर रजिस्ट्रेशन लागत नाही. ऑफिसात चार्जिंगला लावायची. मी बसवलंय, आता कुठल्याही चढाला उतरत नाही.

छर्रे_ग्रीस
लोखंडी रिमवर मोटर? आधी थांबायची सोय करू द्या.

धायरीकर
सगळ्यांचे आभार. चुंबक लावला. दोन्ही चाकांना घट्ट चिकटला. चेन १/८ च्याही पुढे गेलीय. म्हणजे रिम, चेन, फ्रीव्हील तिन्ही गेले. गियरचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) वाकलाय. तो फ्रेमला थेट नाही, एका पत्र्याच्या पट्टीवर अडकवलाय आणि ती चाकाच्या नटाखाली दाबलेली आहे. चाक बसतं ती खाच आडवी आहे. एक गियरची करून टाकली तर? रस्ता बहुतेक सपाटच आहे.

घाटवेडा
अजिबात नको. पुलाच्या चढाला आणि उलट्या वाऱ्याला गुडघे जातात. पुढची एकच चकती ठेवा, मागचे ७ राहू द्या.

वेगवान_वारजे
गियर काढून सायकल वापरायची तर साधी काळी सायकल काय वाईट?

पेठेतला
मागचे ७ ठेवा. मीही तेच म्हणेन.

मीनल_स
सात ठेवा. उद्या रस्ता बदलला, घर बदललं तर?

छर्रे_ग्रीस
माझंही मत ७ ठेवा असंच आहे, पण करायचंच असेल तर नीट करा. खाच आडवी आहे हे चांगलं. चाक मागे ओढून चेन ताणता येते, वेगळा टेन्शनर लागत नाही. खाच उभी असती तर मी नकोच म्हटलं असतं. एक गियरचं फ्रीव्हील तुमच्या त्याच हबच्या आट्यांवर बसतं. फक्त ते आतल्या बाजूला बसतं, म्हणून एक्सलवरचे वॉशर डावी-उजवीकडे बदलून चेन सरळ रेषेत आणायची. मग चाक फ्रेमच्या मध्यावर राहील असं बांधायला सांगायचं. नवीन रिम बांधणारच आहात, तेव्हा हे त्याच मजुरीत होईल.
पुढची मधली चकती ३८ दातांची असेल तर मागे १८ घ्या. पायडल एकदा फिरवलं की साधारण सव्वाचार मीटर. मिनिटाला ७० फेऱ्या धरल्या तर ताशी पावणेअठराच्या आसपास. ११ किमीला पुरतं.

उत्रेख्तहून
३८ ला १८ चांगलं. इकडे एक गियरच्या सायकलीही भरपूर आहेत. चेनवर झाकण मात्र शोधा.

सीटपोस्ट_अडकला
सीटबद्दल कुणी उत्तर दिलं नाही. क्लँपचा बोल्ट पूर्ण काढा, सायकल उलटी करा, फ्रेमच्या आतून पोस्टभोवती गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी सीट धरून पिळा, हातोडा नको. निघाला की पोस्टला ग्रीस लावूनच परत घाला.
पायडल काढताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. घाईत लोक तेच आवळत बसतात.

धायरीकर
ठरलं. एक गियरच करतोय, ३८ आणि १८. तुम्ही सगळे ७ म्हणालात ते वाचलं. पण डिरेलर, शिफ्टर, केबल आणि ७ चं फ्रीव्हील हे पैसे मला रिममध्ये घालायचेत. शॉकअपही ठेवतोय. डीपी रोडच्या खड्ड्यांना बरा आहे, आणि नव्या चिमट्याचे पैसे नाहीत.
नाना पेठेत विचारून आलो. ॲल्युमिनियमच्या दोन रिम, नवे आरे, बांधायची मजुरी, १.५ चे दोन टायर-ट्यूब, फ्रीव्हील, चेन, ब्रेक रबर, प्लास्टिकचे लांब मडगार्ड आणि कॅरिअर मिळून ४७०० सांगितले. उरलेल्या ३०० त मागचा दिवा. सीट तेलात ठेवलीय. उद्या चाकं सोडून, जुने आरे कापून नुसते हब घेऊन जातो.

छर्रे_ग्रीस
थांबा! आरे कापायच्या आधी जुनं फ्रीव्हील काढा. ते चेन चालून चालून घट्ट आवळलेलं असतं. रिम असते तेव्हा तिला दोन्ही हातांनी धरून जोर लावता येतो. आरे कापले की हब पकडायला काही राहत नाही आणि फ्रीव्हील जन्मात निघत नाही. पुलर (फ्रीव्हील काढायचं हत्यार) व्हाइसमध्ये धरायचा, चाक त्यावर आडवं ठेवायचं आणि रिम डावीकडे फिरवायची.

धायरीकर
बरं झालं सांगितलंत, कटर काढूनच ठेवला होता. चाकं अख्खीच नेतो.

घाटवेडा
शॉकअपचा तरी विचार करा.