मदत हवी आहे: एसीचा वर्षाचा करार करावा की गरजेपुरती सर्व्हिस?

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. आई-वडिलांच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आहे, वॉरंटी संपलीय. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वडिलांना दम्याचा त्रास, त्यामुळे तेव्हा एसी लागतोच. थंडीभर मात्र तो बंदच असतो.

एका सर्व्हिसवाल्याने वर्षाच्या कराराचे ३,८०० रुपये सांगितले. त्यात चार सर्व्हिस, त्यातली एक ऐन थंडीत! बंद एसीची सर्व्हिस कशासाठी, हे मला पटत नाही. वर म्हणतो, गॅस दरवर्षी भरावाच लागतो, त्याचे २,५०० वेगळे. अहो, गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरून काय उपयोग?

फिल्टर मी घरीच धुतो. पण गच्चीवरच्या आउटडोअर युनिटच्या जाळीत धूळ इतकी घट्ट बसलीय की नखाने खरवडली तर पापुद्रा निघतो. तिथे जाणकार माणूसच हवा.

तुमच्याकडे पाण्याच्या प्रेशरने धुण्यासकट एका सर्व्हिसचे किती घेतात? करार केलेल्यांना तो परवडला का? विजापूर रोड, होटगी रोड भागात आधी गेज (गॅसचा दाब मोजायचं मीटर) लावून दाखवणारा, नळ्यांत नायट्रोजन भरून गळती तपासणारा खात्रीचा मेकॅनिक असेल तर कृपया सुचवा. होळीच्या आत काम उरकायचंय, नंतर कुणी लवकर येत नाही.