जालक म्हणावं की जाळी?

परभणीहून: एम.एस्सी.च्या पोरांसाठी मराठीत टिपण लिहायलोय. बैजिक भूमितीतून, म्हणजे समीकरणांनी ठरणाऱ्या आकारांच्या अभ्यासातून, अतिशय सममित लॅटिस कशी मिळतात, हा विषय. परिभाषेत ‘जालक’ आहे, पण पोरं सरळ ‘जाळी’ म्हणायलेत. चालवू का?

छत्रपती संभाजीनगरहून: बोलताना चालवा, छापताना नको. जाळी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं मकबऱ्यातली कबरीभोवतीची संगमरवरी जाळी येते: पट्ट्या आणि मधली भोकं. इथं पट्ट्या नाहीतच, नुसते बिंदू. कुठल्याही दोन बिंदूंची बेरीज-वजाबाकी केली तरी उत्तर त्याच संचात पडतं, आणि ठरावीक अंतराच्या आत दोन बिंदू येत नाहीत. ‘स्फटिक जालक’ रसायनशास्त्रात रुळलेलाच आहे. तोच घ्या.

लातूरहून: ‘सममित’ला ‘समरूप’ लिहू नका, एवढं बघा. समरूप त्रिकोण दहावीला झालेत; पोरं तिकडं जातील.

नांदेडहून: शब्द ठरला, पण जालक येतं कुठून ते टिपणात दिसू द्या, नाहीतर सगळं हवेत राहतं. य² = क्ष³ + त⁵ + १ हे समीकरण घ्या. क्ष आणि य म्हणजे ‘त’ची परिमेय फलनं (बहुपदी भागिले बहुपदी), सहगुणक संमिश्र. अशी प्रत्येक उकल म्हणजे जालकातला एक बिंदू. दोन उकलींतून रेषा काढली की ती या समीकरणाच्या वक्राला तिसऱ्या ठिकाणी छेदते. त्या छेदबिंदूतल्या ‘य’चं चिन्ह बदललं की झाली बेरीज! त्यावर जपानी गणिती शिओदांनी अंतर मोजायची रीत बसवली, आणि हाती येतं ते ई-८ नावाचं आठ मितींचं जालक. त्यात सर्वांत लहान सदिश (शून्यापासून बिंदूपर्यंतचे बाण; शून्य सोडून) २४०, सममिती (जालक फिरवून-उलटवून पुन्हा स्वतःवरच बसवायच्या रीती) ६९,६७,२९,६००. शिवाय याच्या बिंदूंवर केंद्रं ठेवून सारखे गोल रचले तर आठ मितींत त्याहून दाट मांडणी नाही. हे शेवटचं युक्रेनच्या गणिती मरीना व्याझोव्स्का यांनी २०१६ मध्ये सिद्ध केलं. घन पृष्ठावरच्या (तिसऱ्या घाताच्या समीकरणाच्या पृष्ठावरच्या) २७ रेषांमागं ई-६ हे असंच सहा मितींचं जालक असतं, तेही जमलं तर घ्या.

परभणीहून: त्या मोजमापाला ‘उंची’ म्हणतात ना? पोरं विचारतील, उंची कुठून मोजायची?

नांदेडहून: विचारणारच. पहिल्याच वापराला लिहा: ‘उंची, म्हणजे सदिशाच्या लांबीचा वर्ग’. त्या २४० सदिशांची उंची २, म्हणून लांबी √२. त्या २४० उकलींत क्ष ही ‘त’ची फार तर दुसऱ्या घाताची बहुपदी, य फार तर तिसऱ्या. एक-दोन पोरांकडून हे फळ्यावर करून घ्या.

लातूरहून: आणि ‘ते जालक, ती जालके’. ‘ती जालक’ दिसलं तर खोडा.