खराब मालाची कपात: दोष विणकराचा की मागाचा, हे कसे ठरवावे?

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील टेरी टॉवेलच्या एका यंत्रमाग कारखान्यात मी गेल्या वर्षापासून कामगारांचे पगार, हजेरी आणि तक्रारी पाहतो. विणकरांची मजुरी नगावर आहे, आणि डागी माल निघाला की त्याची रक्कम पगारातून वजा करण्याची पद्धत माझ्या आधीपासून चालत आली आहे. चिठ्ठीवर फक्त ‘काट’ एवढाच शब्द असतो.

गेल्या पगारात एका विणकराचे ६४० रुपये कापले गेले. माझ्या वडिलांच्या वयाचे हे गृहस्थ अर्जबिर्ज न करता घडी खात्यातून तोच टॉवेल मागून घेऊन थेट माझ्या टेबलाशी आले, टॉवेल पसरला आणि काठापासून चार बोटांवरची एक रेघ नखाने दाखवली. ती वरपासून खालपर्यंत सरळ होती. “साहेब, उभी रेघ फणीची. आमची चूक आडवी पडते,” एवढेच ते म्हणाले. फणी म्हणजे मागावरचे उभे धागे जागच्या जागी ठेवणारी तारांची चौकट. तिची तार वाकल्याचे आपण जॉबरला, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती पाहणाऱ्याला, दोनदा सांगितले होते, असे त्या विणकराचे म्हणणे आहे. जॉबर विचारतो, की दिसत होते तर माग का थांबवला नाही? मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो, कारण आमच्याकडे थांबलेल्या मागाची मजुरी मिळत नाही.

पूर्वीचा वेतन प्रदान अधिनियम, १९३६ आणि आताची वेतन संहिता, २०१९ या दोन्हींचे तत्त्व एकच आहे: नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालेले असावे, त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी आणि कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नसावी. दंड ही वेगळी बाब असून त्याला वेतनाच्या ३ टक्क्यांची मर्यादा आहे. मालकांना हे मान्य आहे. अडचण पुराव्याची आहे. माल रंगाईहून घडी खात्यात येईपर्यंत आठ-दहा दिवस जातात, आणि त्याच मागावर दिवसपाळी व रातपाळीला वेगवेगळे हात चालतात.

ज्यांनी यंत्रमाग किंवा गिरणीत हे काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: कोऱ्या (रंगाईआधीच्या) मालाची तपासणी पाळी बदलतानाच करता का, आणि त्या वेळी विणकराची सही घेता का? जॉबरला सांगितलेल्या बिघाडाची नोंद मागावरच टांगलेल्या पाटीवर ठेवली, तर ती टिकते का? दुरुस्तीसाठी माग बंद राहिला, तर त्या वेळेची मजुरी कोणत्या हिशेबाने देता? आमचे निम्मे विणकर घरी तेलुगू बोलतात व मराठी अडखळत वाचतात, त्यामुळे खुलासा मागणारी चिठ्ठी दोन्ही भाषांत छापणारे कोणी असल्यास तिचा नमुनाही हवा आहे.

पुढचा पगार नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाआधी करायचा आहे. ते ६४० रुपये त्या पगारात परत करावेत, असे मी मालकांना सुचवले आहे. पण “एकाचे दिले तर सगळे टॉवेल घेऊन येतील” या त्यांच्या उत्तरावर काय म्हणावे, ते मला अजून सुचलेले नाही.