जमिनीवरच्या स्विमिंग पूलच्या पायऱ्या तरंगतात, वजन कशाचं ठेवू?

पूल जमिनीवर उभा केलेला आहे, भिंत 52 इंच, आत व्हिनाइलचं लायनर, म्हणजे पाणी धरून ठेवणारं प्लॅस्टिकचं अस्तर. काठाला लागून डेक, म्हणजे उभं राहायला ओटा, नाही. शिडी आईच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून रुंद, पोकळ प्लॅस्टिकच्या पायऱ्या आणल्या. त्या चक्क तरंगतात! वाळूच्या पिशव्या ठेवून पाहिल्या. एक फाटली आणि सगळी वाळू तळाला. पुन्हा तो उद्योग नको. खाली रबरी मॅट घातली, तर लायनरवर काळपट डाग पडला.

पायऱ्यांच्या मागची पोकळी जाळीने बंद केली आहे, त्यामुळे मूल अडकायची भीती नाही. बाहेरच्या शिडीला कुलूप आहे. पूल रिकामा करायचा नाही, लायनरला भोक तर नाहीच नाही.

वाळूऐवजी वजनाला काय वापरू, आणि डाग न पाडणारी मॅट कशाची घेऊ?